वर्ग मुलांच्या हाती द्यायचा, तर सोमवार ते शनिवार नेमकं काय करायचं?

एका तरुण शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: "मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी सांभाळते. मुलांनी स्वतः ठरवून शिकावं, शिक्षकाने मार्गदर्शक व्हावं, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकते. पण आठवडाभर वर्गात नेमकं काय चालतं ते कोणी सांगत नाही. पुस्तक कधी होतं? प्रकल्प कोण ठरवतं? ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? आणि पालक विचारतात तेव्हा काय सांगायचं?"

ताई, मीही दोनशिक्षकी शाळेतच तिसरी-चौथी एकत्र घेते, माणदेशात. त्यामुळे आमच्या वर्गात जे चालतं तेच सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्ग मुलांच्या हाती द्यायचा असेल तर आठवडा पक्का बांधावा लागतो. सोमवारी काय होणार, शुक्रवारी काय होणार, शनिवारी कोण बोलणार, हे दुसरीतून नुकत्याच आलेल्या पोरालाही तोंडपाठ हवं. चौकट रोज बदलली की मुलं प्रत्येक गोष्टीसाठी तुमच्या तोंडाकडे बघतात: वही काढू का, बाहेर जाऊ का, आता काय करू. चौकट ठरलेली असली की हे विचारणं बंद होतं आणि आत काय करायचं याचे निर्णय मुलं घ्यायला लागतात. मोकळा वर्ग म्हणून ज्यांनी वेळापत्रकच गुंडाळून ठेवलं त्यांच्याकडे पंधरा दिवसांत गोंधळ माजलेला मी पाहिला आहे. मग 'आपल्याकडच्या मुलांना हे झेपत नाही' असा शिक्का बसतो, आणि तो बसतो मुलांवर. यात मुलांचा काहीच दोष नसतो.

आमचा सोमवार ठरवण्याचा. परिपाठ झाला की प्रत्येकाला अर्धा कागद मिळतो. आम्ही त्याला 'आठवड्याचा कागद' म्हणतो. त्यावर मधोमध रेघ. डावीकडे मी ठरवलेली कामं: गणितातला घटक, वाचायचा उतारा, पाढे. ती सगळ्यांना करायचीच असतात. फक्त आधी कुठलं, नंतर कुठलं, एकट्याने की जोडीने, हे ज्याचं त्याने ठरवायचं. उजवीकडे मूल स्वतःची दोन-तीन कामं लिहितं. सुरुवातीला जवळजवळ सगळी 'चित्र काढणार' एवढंच लिहितात. अशा वेळी नाही म्हणू नका, विचारा: कशाचं चित्र? कोणासाठी? कोणत्या दिवशी दाखवणार? दिवाळीपर्यंत त्याच कागदावर 'आमच्या शेळीच्या करडाचं वजन दर मंगळवारी करणार' अशी वाक्यं यायला लागतात. शुक्रवारी प्रत्येक कामापुढे मूल एक शब्द लिहितं: झालं, राहिलं किंवा सोडलं. 'सोडलं' हे उत्तर आमच्याकडे चालतं, कारण मात्र सांगावं लागतं. 'कंटाळा आला' हेही कारण आम्ही लिहून घेतो. तेच मूल पुढच्या सोमवारी कामं निवडताना स्वतःच जास्त विचार करतं.

सोमवार ते गुरुवार, जेवणाच्या सुट्टीआधी भाषा आणि गणित. या वेळात मी फळ्यापुढे उभी नसते, एका गटाजवळ बसते. बाकीची मुलं आपापल्या कागदावरचं काम करत असतात. अडलं तर काय करायचं याचा क्रम भिंतीवर लिहिला आहे: आधी स्वतःची वही, मग शेजारी, मग चौथीतलं कोणी, शेवटी मॅडम. एवढ्या एका पाटीने माझा निम्मा वेळ वाचला. दोन इयत्ता एकत्र असणं ही अडचण आहे असं आपल्याला कायम सांगितलं जातं. माझा अनुभव उलटा आहे. तिसरीच्या मुलीला हातच्याची वजाबाकी समजावताना चौथीतल्या मुलाला ती स्वतःला पहिल्यांदा नीट कळते, हे मी दरवर्षी बघते.

आता तुमचा वाचनाचा प्रश्न. या बाबतीत मी ठाम आहे. ज्याला वाचता येत नाही ते मूल प्रकल्पात खडू आणून देणारं, पाणी भरणारं, दुसऱ्याच्या मागे फिरणारं होऊन बसतं. मुलांच्या हाती वर्ग देण्याची भाषा करायची आणि तीन-चार मुलांना वाचनाविना तसंच ठेवायचं, हा त्या मुलांवर अन्याय आहे. अक्षरं, जोडाक्षरं, दशक-सुटे, हे मी सरळ शिकवते. रोज, ठरलेल्या वेळी, लहान गटात, न चुकता. मूल आपोआप शिकेल म्हणून यातल्या कशाचीही वाट बघत बसत नाही. फक्त शिकवण्याचा मजकूर मुलांकडून घेते. मुलगा म्हणाला 'आमचा बैल लंगडतोय', की ते वाक्य फळ्यावर जातं, कागदाच्या पट्टीवर जातं, त्याचे शब्द सुटे होतात, पुन्हा जुळतात. आपलं बोलणं कागदावर दिसतंय हे कळलं की मूल त्या कागदापासून हलत नाही. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून तिसरीपर्यंत वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्यावर भर आहे. त्यामुळे या वेळेबद्दल वरिष्ठांनाही वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

जेवणाची सुट्टी म्हणजे मला तर गणिताचा तास वाटतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. आमच्याकडे त्या आठवड्याचा आहारगट हजेरी मोजतो, हिशेब करतो आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आकडा सांगतो. मावशींचा अंदाज आणि मुलांचा हिशेब यांत फरक पडला तर मावशी हक्काने सांगतात, "पुन्हा कर बाळा, एवढ्याने काय होतंय." चूक कुठे झाली ते मुलं मावशींच्या समोरच शोधतात. ग्रॅमचे किलो करायला यापेक्षा चांगली जागा मला पुस्तकात सापडलेली नाही.

शालेय मंत्रिमंडळाबद्दलही इथेच सांगते. जूनमध्ये निवडणूक होते, फोटो निघतो, मुख्यमंत्री-आरोग्यमंत्री फलकावर लागतात आणि बहुतेक ठिकाणी वर्षभर तेवढंच राहतं. आमच्याकडे मंत्रिमंडळ आहे, नोंदवहीतही आहे. पण खरी कामं आठवड्याने फिरतात: आहार, परसबाग, वाचनकोपरा, परिपाठ, प्रश्नभिंत. प्रत्येक मूल प्रत्येक कामातून जातं. हुशार म्हणून नावाजलेल्या दोघा-चौघांकडेच वर्षभर कारभार राहिला, तर बाकीच्यांनी निर्णय घ्यायचा कधी?

प्रश्नभिंत म्हणजे मागच्या भिंतीचा एक काळा पट्टा. दिवसभरात कोणाला काहीही प्रश्न पडला की तिथे लिहायचा, खाली नाव टाकायचं. मी उत्तरं देत नाही. प्रकल्प या भिंतीतून निघतात. सोमवारी आम्ही भिंत वाचतो आणि प्रत्येक प्रश्नाला तीन कसोट्या लावतो. हे आपल्याला स्वतः तपासता येईल का? इथे, गावातच येईल का? पंधरा दिवसांत काहीतरी दिसेल का? 'चंद्रावर विहीर आहे का' हा सुंदर प्रश्न आहे, पण तो वाचनकोपऱ्यात जातो. 'हापशाचं पाणी सकाळी कोमट का लागतं' हा प्रश्न प्रकल्पात येतो. कसोट्या लावायचं काम सुरुवातीला मी करायचे, आता चौथीची मुलं करतात, आणि माझ्यापेक्षा कडक करतात.

प्रकल्प या नावाखाली आपल्याकडे जे चालतं त्यावर मला बोललंच पाहिजे. स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रांचे तक्ते मिळतात, ते कापून वहीत चिकटवायचे. किंवा थर्माकोलचं घर, जे रात्री जागून आई-वडिलांनी केलेलं असतं. यात मुलाने काही शोधलेलं नसतं, काही ठरवलेलं नसतं, आणि त्याला ते माहीतही असतं. असे दहा प्रकल्प करण्यापेक्षा वर्षभरात दोनच करा, पण ज्यांचं उत्तर सुरुवातीला वर्गात कोणालाच ठाऊक नसतं असे करा. तुम्हालाही नसलं तर फार उत्तम.

आमचा पावसाचा प्रकल्प जरा सविस्तर सांगते, म्हणजे एक प्रश्न किती लांब जातो ते दिसेल.

जून संपत आला होता. परिपाठात बातम्या सांगताना एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजोबांनी पंचांगात बघितलंय, या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे, पाऊस लई पडणार." मागून एकाने विचारलं, "बेडकाला कसं कळतं?" प्रश्न भिंतीवर गेला. सोमवारी कसोट्या लागल्या. बेडकाला कसं कळतं हे तपासता येईना, पण 'वाहन बेडूक असलं तर खरंच जास्त पाऊस पडतो का' हे तपासता येईल असं चौथीतल्यांनी काढलं. सूर्याचं एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस चालतं. मृग ७-८ जूनला लागतं, ते तर सरलं होतं, आणि आर्द्राही निम्मं सरत आलं होतं, म्हणून मोजणी त्यापुढच्या नक्षत्रापासून करायची असं ठरलं.

आजोबांना शाळेत बोलावलं. पंचांग घेऊन आले, फेटा बांधून आले. वाहनं नऊ: बेडूक, म्हैस, हत्ती असली तर भरपूर पाऊस, मोर, गाढव, उंदीर असली तर मध्यम, कोल्हा आणि मेंढा असली तर ओढ, घोडा असला तर डोंगराकडे पाऊस. एका मुलाने विचारलं, वाहन ठरवतं कोण? आजोबांनी सांगितलं की सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आकड्याला नवाने भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन. चौथीच्या वर्गात बाकी उरणारा भागाकार नुकताच झाला होता. नवाने भागलं तर बाकी ० ते ८ यांपैकीच काहीतरी उरणार, म्हणून वाहनं नऊच, हे एका मुलीने बसल्या जागी सांगितलं. आजोबांनी तिला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला.

मग पाऊस मोजायचा कसा? इथे तोंड बंद ठेवणं शिक्षकाला सगळ्यात जड जातं. पर्जन्यमापकाचं चित्र पुस्तकात असतं, दाखवलं की काम झालं असं वाटतं. मी दाखवलं नाही. मुलांनी अंगणात बादली ठेवली, परात ठेवली, उभट डबा ठेवला. पाऊस पडला. बादलीवाले म्हणाले आमच्याकडे जास्त पडला. परातवाल्यांनी पाणी तांब्याने मोजलं, ते बादलीपेक्षा जास्त भरलं. एकाच अंगणात तीन वेगळे पाऊस कसे? दोन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या पावसानंतर तिसरीतल्या एका शांत मुलाने डब्यात पट्टी बुडवली, मग परातीत बुडवली, आणि दोन्हीकडे जवळपास सारखीच खूण ओली झाली. पाणी किती यापेक्षा उंची किती, हे त्याच्या हाताला आधी कळलं, मग सगळ्यांना. बादलीचा आकडा तरीही जास्त येत होता. ती वर रुंद आणि खाली निमुळती असते, म्हणून वरच्या तोंडात पडलेलं पाणी अरुंद तळात उंच चढतं. हे शोधायला आणखी एक आठवडा गेला. तो आठवडा मी आनंदाने दिला.

त्यानंतर बाटलीचा पर्जन्यमापक आला. सरळ बाजूंची प्लास्टिकची मोठी बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे नरसाळं होतं आणि पाणी उडून जात नाही. तळ वेडावाकडा असतो, म्हणून त्यात खडे टाकून सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ ओढायची. बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली ठेवायची. हवामान खात्याची पद्धत सकाळी साडेआठला आकडा घ्यायची, आधीच्या चोवीस तासांचा. आमची शाळा त्या वेळी उघडलेलीही नसते. मग शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी पाळ्या लावल्या, रविवारच्यासुद्धा.

एका रविवारी नोंद झाली नाही. ज्याची पाळी होती तो मामाच्या गावाला गेला होता. सोमवारी बाटलीत दोन दिवसांचं पाणी. शुक्रवारच्या बालसभेत हा विषय निघाला. एक गट म्हणाला निम्मं-निम्मं लिहू. दुसरा म्हणाला शेजारच्या गावच्या मामाला फोन करून विचारू आणि तेवढं लिहू. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बघितलं नाही तर लिहायचं कसं?" बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी ठरलं: रविवारच्या रकान्यात 'नोंद नाही', सोमवारच्या रकान्यात 'दोन दिवसांचा मिळून'. त्या मुलाला शिक्षा काय, यावरही चर्चा झाली. पुढच्या वेळी गावाला जाताना पाळी दुसऱ्याला सांगून जायची, एवढाच ठराव झाला. मी सभेत अध्यक्ष नसते, ठराव वहीत लिहिणारी असते. हे मुद्दाम सांगते, कारण सभेत तुम्ही बोललात की ती तुमची सभा होते.

पुढे कोणीतरी घरून बातमी आणली की कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडलनिहाय, म्हणजे काही गावांच्या गटाप्रमाणे, रोजचा पाऊस येतो. आम्ही मोबाइलवर आकडे काढले. आमचा आणि मंडलाचा आकडा जुळेना. पहिली शंका स्वतःवर, म्हणून मुलांनी पहिल्या बाटलीशेजारी दुसरी लावली. दोन्हींत फरक नगण्य. मग आपली मोजणी बरोबर आणि मंडलाचं केंद्र लांब, तिथला ढग वेगळा, असा निष्कर्ष निघाला. याच सुमारास वडीलमंडळींच्या बोलण्यातून त्यांना ६५ मिलिमीटर हा आकडा मिळाला: एका दिवसात मंडलात तेवढा पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे होतात. ज्याच्या घरचं पीक वाहून गेलं पण मंडलाच्या केंद्रावर पाऊस कमी नोंदला गेला, त्याचं काय? हा प्रश्न माझ्या नऊ वर्षांच्या मुलांनी विचारला. मी तो भिंतीवरून पुसू दिला नाही.

आजोबा नंतर पुन्हा आले, या वेळी कोणी न बोलावता. मुलांच्या बाटलीकडे बघून म्हणाले, "हे ठीक आहे, पण पेरायचं तर ओल बघावी लागती." त्यांनी मुलांना रानात नेलं, माती उकरून हाताने ओल मोजायला शिकवलं. वीतभर ओल गेली का, वापसा आला का, म्हणजे चिखल ओसरून माती पेरणीजोगी झाली का. पेरणीसाठी कृषी विभाग साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा असं सांगतो. मुलांनी दोन रकाने शेजारी शेजारी आखले, एक बाटलीचा, एक बोटांच्या ओलीचा, आणि माळरानात आणि काळ्या रानात तेवढ्याच पावसाची ओल वेगळी जाते हे त्यांना दिसलं. परिसर अभ्यासातला मातीचा पाठ मला वेगळा घ्यावाच लागला नाही.

वाहनाचं काय झालं? नोंदी हस्त नक्षत्रापर्यंत चालल्या. आमच्या भागात बराचसा पाऊस पावसाळ्याच्या शेवटी, परतीच्या वेळी पडतो, आणि तसंच झालं. काही नक्षत्रांत वाहन जुळलं, काहींत नाही. मुलांनी वहीत लिहिलं: 'एका पावसाळ्यावरून सांगता येत नाही.' वही त्यांनी तिसरीच्या ताब्यात दिली, म्हणजे पुढच्या वर्षी पुढच्या नोंदी. मी घरच्या श्रद्धेवर एक शब्दही बोलले नाही. आजोबांच्या पंचांगाला हसायचं नाही आणि बाटलीचा आकडाही बदलायचा नाही, एवढं पथ्य पाळलं. शनिवारी मांडणीला आजोबा पहिल्या रांगेत होते, आणि नातीने त्यांच्यासमोर न घाबरता दोन्ही रकाने वाचून दाखवले.

शुक्रवार आणि शनिवारबद्दल थोडक्यात. शुक्रवारी सकाळी लेखन: आठवड्यात जे केलं ते स्वतःच्या शब्दांत. पहिला खर्डा मी तपासत नाही, जोडीदार वाचतो आणि एकच गोष्ट सांगतो, 'मला इथे कळलं नाही.' दुपारी बालसभा. तिच्यासाठी आठवडाभर एक डबा ठेवलेला असतो, त्यात तीन प्रकारच्या चिठ्ठ्या पडतात: तक्रार, शाबासकी, मागणी. ही कल्पना माझी नाही. फ्रान्सच्या खेड्यांत शिकवणाऱ्या सेलेस्तँ फ्रेने यांच्या वर्गांत शंभरेक वर्षांपूर्वी मुलं अशाच रकान्यांचं भित्तिपत्र चालवायची, स्वतःचे मजकूर स्वतः छापायची आणि आठवड्याच्या कामाचा आराखडा स्वतः करायची. आमच्या सभेत तक्रारी वाचल्या जातात, पण शाबासकीच्या चिठ्ठ्या संपल्याशिवाय नाही. शनिवारी सकाळची शाळा, दप्तराविना. २०२४ पासून शासनाचाच 'आनंददायी शनिवार' उपक्रम आहे, तेव्हा या दिवसाला परवानगी शोधत बसायची गरज नाही. मांडणी, परसबाग, शिवारफेरी, कोणाच्या तरी आईकडून गोधडीचा टाका शिकणं, असं काहीही.

एक छोटी बाब, पण उपयोगाची: तुमच्या गावच्या आठवडी बाजाराचा वार वेळापत्रकात आधी लिहा. त्या दिवशी पट पडतोच. आम्ही त्या दिवशी नवीन घटक घेत नाही. बाजाराला गेलेली मुलं भाव टिपून आणतात आणि दुसऱ्या दिवशी कांद्याचा आलेख पुढे सरकतो. गैरहजर मूल कामावर असतं, एवढाच फरक.

अभ्यासक्रम पूर्ण कसा होतो, हा तुमचा मुख्य धसका दिसतो. माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानांवर दोन्ही इयत्तांच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी, चिकटवलेल्या आहेत. दर शुक्रवारी संध्याकाळी मी बसते आणि झालेल्या कामातून कुठल्या निष्पत्ती कोणाच्या साधल्या त्यापुढे तारीख टाकते. पावसाच्या प्रकल्पात मापन, भागाकार, आलेख, माती, पाणी, मुलाखत, अहवाललेखन एवढ्यांवर तारखा पडल्या. ज्या रिकाम्या राहतात त्या पुढच्या आठवड्याच्या कागदावर डाव्या बाजूला येतात आणि मी सरळ शिकवते. कोनांचे प्रकार कुठल्याच प्रकल्पात आले नाहीत, तर कोन फळ्यावर शिकवायचे. यात कमीपणा नाही. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदीही याच वहीतून निघतात, वर्षाच्या शेवटी 'अभ्यासात रस घेतो' असं सगळ्यांपुढे एकच वाक्य लिहायची वेळ येत नाही.

पालकांना मी भाषण देत नाही, शनिवारी बोलावते. 'पोरं नुसती बाहेर हिंडतात' म्हणणारे वडील मुलगा आकडे वाचून दाखवताना ऐकतात, मग पुढच्या वेळी तेच दुसऱ्यांना समजावतात. शिष्यवृत्ती परीक्षेची काळजी करणाऱ्यांना मुलाचं वाचन आणि उदाहरणं सोडवणं समोर बसवून दाखवते. ते पक्कं असलं की ती चर्चा तिथेच थांबते. अधिकाऱ्यांसमोर उभं राहायची वेळ आली तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ हाताशी ठेवा. कृती आणि शोध यांतून, बालकेंद्री पद्धतीने शिक्षण व्हावं, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि हे बाहेरचं खूळ आहे असं कोणी म्हटलं तर त्यांना कोसबाड आठवून द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेली सृजन आनंद शाळा याच वाटेने चालली. वाट आपल्याच मातीतली आहे.

सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त शुक्रवारची सभा घ्या, आणि तिच्यात झालेला निदान एक ठराव त्याच आठवड्यात खरोखर अमलात आणा, मग तो पाण्याच्या टाकीशेजारी साबण ठेवण्याचा का असेना. आपल्या बोलण्याने शाळेत काही बदलतं हे एकदा मुलांना दिसू द्या. दुसऱ्या महिन्यात आठवड्याचा कागद आणा, फक्त चौथीसाठी. तिसरीची मुलं आपणहून मागतील तेव्हा त्यांना द्या. प्रश्नभिंत पहिल्या दिवसापासून असू द्या, पण प्रकल्प पहिल्या सत्रात एकच घ्या. आणि तुमच्या सहकारी शिक्षकांना, पहिली-दुसरी जे कोणी घेतात त्यांना, पहिल्या सभेपासून सोबत बसवा. दोनशिक्षकी शाळेत एक जण रजेवर गेला की चारही इयत्ता दुसऱ्याकडे असतात. त्या दिवशी तुमची मुलं स्वतःचा कागद काढून कामाला का लागतात, आणि त्यांना लागू द्यायचं, हे तुमच्या सहकाऱ्यांना आधीच ठाऊक असलं पाहिजे.